नापास होणार हे आधीच कळलं, तर पुढे काय?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रम पुस्तिकांच्या शेवटी एक पानभर तक्ता असतो. एमडी किंवा एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरचं दर तिमाहीला जे मूल्यमापन करायचं, ते या तक्त्यावर. जर्नल क्लब (नव्या शोधनिबंधांवरची चर्चा), रुग्णांवरून होणारं शिक्षण, स्वतःहून केलेला अभ्यास, विभागातले कार्यक्रम, बाहेरच्या परिषदा, थीसिस, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) अशा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे १ ते ९ आकडे. १ ते ३ म्हणजे असमाधानकारक, ४ ते ६ समाधानकारक, ७ ते ९ त्याहून चांगलं. तळाशी एक सूचना आहे. कुठल्याही ओळीत ४ पेक्षा कमी गुण दिले, तर सुधारणेचा उपाय सुचवलाच पाहिजे. विद्यार्थ्याशी स्वतंत्रपणे बोलावं, अशी आग्रहाची शिफारसही तिथेच आहे.

ही सूचना ज्याने लिहिली, त्याला शिकवणं म्हणजे काय हे नीट ठाऊक होतं. पण विभागांमध्ये तिचा परिणाम उलटा झाला. ३ लिहिला की पुढचं काम आपल्याच गळ्यात येतं. उपाय सुचवायचा, तो लेखी द्यायचा, त्या मुलाला बोलावून सांगायचं, पुढच्या तिमाहीत फरक पडला का ते बघायचं. ओपीडी, राऊंड, एमबीबीएसची लेक्चर्स, अधिष्ठात्यांच्या बैठका आणि तपासणीची कागदपत्रं यांतून हे करायला सवड कुणाला? मग ६ लिहिला जातो, जरा बरा मुलगा असेल तर ७. मी ज्या विभागांत शिकवलं आणि जिथे परीक्षक म्हणून गेलो, तिथले असे तक्ते मी भरपूर पाहिले आहेत. ३ हा आकडा मला त्यांत जवळपास दिसलाच नाही. कागदोपत्री सगळे समाधानकारक, आणि तीन वर्षांनी त्यांच्यातलाच एखादा चार पेपरांपैकी दोनात आपटतो. मग विभागप्रमुख म्हणतात, "अरे, हा कसा काय गेला?"

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की रेसिडेन्सीतल्या मूल्यमापनावरून अंतिम परीक्षेचा निकाल आधीच सांगता येईल का, हा प्रश्न आता आपल्या दारात आलाच आहे. लॉगबुक संगणकावर जात आहेत. आकडे एकदा संगणकात गेले की त्यांवरून भाकीत करणारं सॉफ्टवेअर कुणीतरी आणून दाखवणार, हे ठरलेलं. कॉलेजांना ते आवडेलही, कारण निकालाचे टक्के चांगले दिसणं सगळ्यांनाच हवं असतं. तेव्हा ते येण्याआधी आपण काय मागणार आणि काय नाकारणार, हे ठरवलेलं बरं.

असं भाकीत करता येतं, हे आधी मान्य करू. अमेरिकेत हा विषय बराच पुढे गेला आहे. तिथे बहुतेक शाखांच्या रेसिडेंट्सची दरवर्षी एक 'इन-ट्रेनिंग' परीक्षा होते. प्रश्न बोर्डाच्या, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळवण्यासाठी द्यायच्या परीक्षेच्या धर्तीचे, पेपर देशभर एकच. तिच्यातले गुण आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेत मिळालेले गुण यांचा मेळ बसतो, हे मेडिसिनपासून सर्जरीपर्यंत अनेक शाखांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शिवाय रेसिडेन्सीवर देखरेख करणाऱ्या एसीजीएमई या संस्थेने २०१३ पासून 'माइलस्टोन्स' नावाची पद्धत टप्प्याटप्प्याने आणली. रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, संवाद, व्यावसायिक वर्तन, स्वतःच्या कामातून शिकणं आणि आरोग्यव्यवस्थेचं भान या सहा अंगांनी दर सहा महिन्यांनी शिक्षकांची समिती प्रत्येक रेसिडेंटला १ ते ५ पातळ्यांवर कुठेतरी बसवते. त्यातल्या 'वैद्यकीय ज्ञान' या अंगाच्या पातळीचा बोर्डाच्या निकालाशी संबंध दिसतो. वागणं आणि संवाद यांचा तितका दिसत नाही. यात नवल काही नाही, कारण बोर्डाची ती परीक्षा ज्ञानच मोजते.

तिथेही आपलाच रोग आढळला आहे. समितीला वेळ नसला की सगळ्या ओळींत एकच आकडा ओढला जातो. रेसिडेंटचा हात चांगला असो वा नसो, बोलणं तुटक असो वा गोड, सरळ रेघ. आणि ज्यांनी ही पद्धत आणली, त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की हे आकडे सुधारणेसाठी आहेत, बाहेरच्यांनी ते परवाना किंवा नोकरी देण्या-नाकारण्यासाठी वापरू नयेत.

इथे एक अडचणीची गोष्ट मान्य केलीच पाहिजे. "परीक्षेत काय आहे? खरा डॉक्टर वॉर्डात घडतो," हे वाक्य आम्हा मेडिसिनवाल्यांच्या तोंडी कायम असतं. पण २०२४ साली 'जामा' या नियतकालिकात आलेला अमेरिकेतला मोठा अभ्यास याच्या विरोधात जातो. नुकतंच प्रशिक्षण संपवून रुग्णालयात काम करू लागलेल्या मेडिसिनच्या डॉक्टरांचे दाखल झालेले वृद्ध रुग्ण त्यांनी पाहिले. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या चतुर्थांशात आलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांमध्ये सात दिवसांतल्या मृत्यूचं प्रमाण खालच्या चतुर्थांशातल्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी कमी निघालं. शिक्षकांनी दिलेल्या माइलस्टोन्सच्या पातळ्यांचा मात्र रुग्णांच्या परिणामांशी असा संबंध सापडला नाही. म्हणजे 'परीक्षा निरुपयोगी, सरांचं मत खरं' असं म्हणून सुटका नाही. पुस्तकातलं ज्ञान रुग्णाच्या जिवाशी जोडलेलं आहे. ज्याला ते कमी पडतं आहे, त्याला तीन वर्षं तसंच जाऊ देणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि त्याच्या पुढच्या रुग्णांवरही.

पण हे निष्कर्ष उचलून आपल्याकडे आणता येत नाहीत, कारण आपली परीक्षाच वेगळी आहे. बोर्डाची ती परीक्षा देशभर एक, प्रश्न बहुपर्यायी, तपासणी यंत्राने. आपली एमडी-एमएसची परीक्षा म्हणजे प्रत्येकी १०० गुणांचे चार लेखी पेपर, त्यांतला एक मूलभूत शास्त्रांचा आणि एक नव्या घडामोडींचा. त्यानंतर प्रॅक्टिकल: लॉन्ग केस आणि शॉर्ट केस म्हणजे रुग्ण तपासून मांडणं, आणि टेबल व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. थिअरीत एकूण ५० टक्के आणि प्रत्येक पेपरात निदान ४० टक्के लागतात, प्रॅक्टिकलला वेगळे ५० टक्के. प्रॅक्टिकलला चार परीक्षक, त्यांतले दोन बाहेरचे. उरलेले दोन कोण? बहुतेक वेळा तिमाही तक्त्यावर ६ आणि ७ लिहिणारेच. जो माणूस आज गुण देतो, तोच उद्या परीक्षेत गुण देणार असेल, तर एकावरून दुसऱ्याचं भाकीत जुळणारच. हा जुळलेला आकडा पाहून 'आमचं मूल्यमापन किती अचूक' असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला थांबवलं पाहिजे. ते मूल्यमापन फक्त सरांच्या मताचं सातत्य मोजतं.

त्यामुळे भाकिताला खरा अर्थ उरतो तो थिअरीपुरता. कारण पेपर विद्यापीठामार्फत तपासले जातात आणि तिथे ओळखीचा चेहरा नसतो. एमडीला नापास होणारे मुळात थोडे, पण जे होतात त्यांतले बरेच थिअरीतच अडकतात. का अडकतात, ते सांगतो.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात जो कधी उभा राहिला आहे, त्याला तिथली भाषांची गर्दी माहीत आहे. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून आणि सीमेपलीकडून आलेला रुग्ण कन्नड बोलतो, पूर्व भागातली विडी कामगार बाई तेलुगू बोलते, कुणी उर्दू, कुणी मराठी. पलीकडे तुळजापूर-धाराशिवकडचे आहेतच. आणि त्यांची हिस्टरी घेणारा रेसिडेंट राजस्थानचा किंवा केरळचा असू शकतो, कारण सरकारी कॉलेजांतल्या पीजीच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. असाच उत्तरेकडून आलेला एक मुलगा मी जवळून पाहिला. त्याच्या ॲप्रनच्या खिशात एक छोटी डायरी असायची. तिच्या शेवटच्या पानांवर त्याने देवनागरीत प्रश्न लिहून ठेवले होते. 'आयासम उंदा?' म्हणजे दम लागतो का, हे तेलुगू. 'एदे नोवु इदेया?' म्हणजे छातीत दुखतं का, हे कन्नड. समोर मराठी उत्तरांचे दोन-तीन नमुने. मावशींना विचारून, सिस्टरांना विचारून त्याने ती यादी वाढवत नेली होती.

एकदा विडी घरकुलातली एक बाई पायाला सूज म्हणून दाखल झाली. इतरांच्या नोंदीत तेवढंच होतं. याने डायरी काढून, हातवारे करून, शेजारच्या खाटेवरच्या बाईला मध्ये घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की ती कित्येक महिने आडवी होऊन झोपतच नव्हती. भिंतीला टेकून, बसून रात्र काढत होती. आडवं झालं की दम लागतो हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तसं कुणी विचारलंच नव्हतं. स्टेथोस्कोप नीट लावल्यावर मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याची, गुरगुर ऐकू आली. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली, बहुधा तिशीपासून चालत आलेला आजार.

या मुलाचे जर्नल क्लबचे गुण सगळ्यांत कमी होते. सेमिनारही बेताचे. कुठल्याही सॉफ्टवेअरने त्याला लाल रंगात दाखवलं असतं, आणि एका अर्थी ते चुकलं नसतं, कारण तो थिअरीत खरोखरच कच्चा होता. त्याचं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं ते प्रिलिमच्या पेपरात. माहिती होती, पण सगळं एका दमात, एका परिच्छेदात. मथळे नाहीत, आकृती नाही, आधी काय आणि नंतर काय याचा पत्ता नाही. मूलभूत शास्त्रांच्या पेपरात तर दोन प्रश्न कोरे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शिकलेलं शरीरक्रियाशास्त्र पुन्हा उघडायला त्याला कधी वेळ मिळाला होता? आणि त्याहून महत्त्वाचं, अडीच वर्षांत त्याने लिहिलेलं एकही लांब उत्तर कुणा शिक्षकाने तपासलेलं नव्हतं. तक्त्यावर ६ होते.

म्हणजे भाकिताचा कच्चा माल आपल्याकडे दोन्ही बाजूंनी खराब आहे. जे मोजायला हवं ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जातं ते बऱ्याचदा ड्युटीचं वाटप असतं. ज्याच्या युनिटला इमर्जन्सी जास्त, त्याचे सेमिनार कमी. ज्याचा सोबतचा जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) रजेवर गेला, त्याचं लॉगबुक अर्धवट. निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक ड्युटी नको, हे केंद्राच्या निवासी योजनेत १९९२ सालीच लिहिलेलं आहे. त्या कागदाचं आणि वॉर्डातल्या रोस्टरचं नातं काय, हे मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रत्येक संपाने महाराष्ट्राला पुन्हा सांगितलं आहे. छत्तीस तासांची ड्युटी करून आलेल्या पोराच्या जर्नल क्लबला २ दिले, तर तो आकडा त्याच्या बुद्धीबद्दल काही बोलत नाही, रोस्टर लावणाऱ्याबद्दल बोलतो.

आता समजा, मूल्यमापन प्रामाणिक झालं आणि भाकीतही बरं जमलं. तरी एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. डॉक्टर असूनही आपण तो निदानाच्या चाचण्यांना लावतो आणि माणसांना लावायला विसरतो. समजा, १०० रेसिडेंट आहेत आणि त्यांतले १० खरोखर नापास होणार आहेत. आपली पद्धत दोन्हीकडे ८० टक्के बरोबर आहे. म्हणजे नापास होणाऱ्या १० पैकी ८ जण ती पकडते आणि २ निसटतात. पास होणाऱ्या ९० पैकी ७२ ना ती ठीक म्हणते, पण १८ जणांवर उगीच बोट ठेवते. यादीत एकूण २६ नावं येतात, आणि त्यांतली १८ अशा मुलांची असतात जी तशीही पास होणारच होती. ८० टक्के अचूक म्हटलेल्या पद्धतीत यादीतल्या तिघांपैकी दोघांहून अधिक जण चुकीने आलेले आहेत.

यादीत असण्याचा परिणाम म्हणून एखाद्याला आठवड्यातून एक तास जास्तीचं शिकवलं जाणार असेल, तर १८ जणांना ते फुकट मिळालं एवढंच. कुणाचं काही बिघडत नाही. पण यादीत असण्याचा परिणाम म्हणून ओटीत (शस्त्रक्रियागृहात) हातात इन्स्ट्रुमेंट मिळणं बंद झालं, थीसिसचा गाईड बदलला, राऊंडला "तुझं काय, तू तर बॉर्डरवर" असं सगळ्यांदेखत ऐकावं लागलं, आणि परीक्षेच्या दिवशी अंतर्गत परीक्षकांनी बाहेरच्यांच्या कानात कुजबुज केली, तर ते भाकीत स्वतःला खरं करून दाखवतं. असा शिक्का बसल्यावर माणूस किती खचतो, हे निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. यातून काही मुलं परत आलेली नाहीत, हेही आपण वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे.

आणि शिक्का सगळ्यांवर सारखा बसत नाही. ३ की ४ हा निर्णय जिथे एका माणसाच्या मनावर असतो, तिथे आडनाव डोकावतं, प्रवेश कुठल्या प्रवर्गातून झाला ते डोकावतं, मराठी येतं की नाही ते डोकावतं, बाई असेल तर "लग्न झालं की कुठे प्रॅक्टिस करणार" हेही डोकावतं. हे मी अंदाजाने लिहीत नाही. वॉर्डाच्या मागच्या खोलीत चहा पिताना 'कोट्यातला' हा शब्द किती सहज उच्चारला जातो, ते मी ऐकलेलं आहे, आणि मला त्याची चीड आहे. उद्या कुणी म्हणेल, भाकीत पक्कं व्हावं म्हणून नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा रँकही संगणकात घाला. त्याला माझा ठाम विरोध आहे. रँक आत गेला की प्रवर्ग आत गेला, आणि मुलगा पहिल्या दिवसापासून संशयित झाला. शिवाय प्रवेशाची रेघ कुठे असावी यावर शासनच ठाम नाही. २०२३ साली जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून सर्व प्रवर्गांसाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. तीन वर्षांत कुणी काय शिकलं हे विचारायचं असेल, तर तो आत कसा आला हे विचारू नये.

ब्रिटनमध्ये हा वाद न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने फॅमिली डॉक्टर होण्यासाठीच्या क्लिनिकल परीक्षेला आव्हान दिलं. परदेशात शिकलेले आणि गोरे नसलेले उमेदवार तिथे कितीतरी जास्त नापास होत होते. २०१४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने परीक्षा बेकायदेशीर ठरवली नाही, संघटना हरली. पण तफावत आहे हे कुणीच नाकारलं नाही, आणि ती घालवण्यासाठी काहीतरी करण्याची वेळ आली आहे, हे न्यायमूर्तींनी नोंदवलं. त्यांना निदान तफावत किती हे माहीत होतं, कारण त्यांच्याकडे आकडे ठेवलेले होते. आपल्याकडे कुठल्या प्रवर्गाच्या, कुठल्या मातृभाषेच्या, कुठल्या कॉलेजच्या रेसिडेंटला तिमाहीत किती आणि अंतिम परीक्षेत किती, असा हिशेब लोकांसमोर मांडण्याची पद्धतच नाही.

मग मी भाकिताच्या विरोधात आहे का? नाही. मला ते हवं आहे, पण ते करणाऱ्याला बांधून ठेवणारं हवं आहे. पहिल्या वर्षी तुम्हाला कळलं की हा मुलगा थिअरीत अडकणार, तर त्या क्षणापासून त्याचं अडकणं ही तुमचीही जबाबदारी झाली. क्रिएटिनिन वाढलेला, म्हणजे मूत्रपिंड बिघडत असल्याचा, रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर घरी निघून गेला आणि सहा महिन्यांनी रुग्णाला डायलिसिस लागलं, तर आपण रुग्णाला दोष देत नाही. तिसऱ्या वर्षी निकाल लागला की रेसिडेंटकडून खुलासा मागतात. त्याच दिवशी विभागप्रमुखांनाही विचारलं पाहिजे, की तुम्हाला हे केव्हा कळलं होतं आणि तुम्ही काय केलं.

माझ्या डोळ्यांसमोर जी व्यवस्था आहे, ती फार मोठी नाही. डीएनबी, म्हणजे एमडी-एमएसच्या तोडीची पात्रता, मिळवू पाहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळ दरवर्षी फॉर्मेटिव्ह असेसमेंट टेस्ट घेतं. तशीच एक चाचणी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमडी-एमएसच्या मुलांची घ्यावी, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, सगळ्या कॉलेजांत एकाच दिवशी. नाशिकला विद्यापीठ १९९८ पासून आहे, पेपर पाठवण्याची आणि तपासण्याची यंत्रणा तिथे उभी आहे. पेपर लेखीच हवा, बहुपर्यायी नको, कारण आपली मुलं लिहिण्यात अडकतात. तपासलेली उत्तरपत्रिका मुलाला परत मिळावी. आपल्याकडे हे होतच नाही आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक यानेच पडेल. आपण काय लिहिलं आणि गुण कुठे गेले, हे एकदा स्वतःच्या अक्षरात पाहिलं की अर्धं काम होतं.

निकाल तिघांनाच कळावा: स्वतः रेसिडेंट, त्याचा गाईड, आणि त्याच्या युनिटबाहेरचा एक शिक्षक, ज्याच्याकडे तो मोकळेपणाने तक्रार करू शकेल. अंतिम परीक्षेच्या कुठल्याही परीक्षकाने तो पाहू नये. गाईड अंतर्गत परीक्षक असेल, तर त्या मुलाच्या व्हायवाला दुसरा परीक्षक बसवावा. कमी गुण पडले, तर रोस्टरमध्ये ठरावीक वाराचे दोन तास त्याच्या नावाने मोकळे ठेवावेत, आणि ते मोकळे ठेवले की नाही याची नोंद कॉलेजच्या पदव्युत्तर समितीकडे जावी. रोस्टरमध्ये जे लिहिलेलं नसतं, ते वॉर्डात होत नाही.

वॉर्डातल्या कौशल्याचं वेगळं बघावं लागेल, कारण लेखी चाचणी ते सांगू शकत नाही. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक साधी रीत आहे. शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटं रेसिडेंटला खऱ्या रुग्णाशी बोलताना आणि तपासताना गप्प बसून पाहायचं, आणि लगेच पाच-दहा मिनिटं त्याच्याशी बोलायचं. तिला मिनी-सीईएक्स म्हणतात. एका वेळच्या निरीक्षणावर विश्वास ठेवायचा नसतो. वर्षभरात वेगवेगळ्या शिक्षकांनी, वेगवेगळ्या रुग्णांवर आठ-दहा वेळा पाहिलं, तर चित्र उमटतं. डायरीतले तेलुगू प्रश्न अशा निरीक्षणात दिसतात. तक्त्यावर त्यांना ओळ नाही. २०२३ च्या नियमांनुसार पीजीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांच्या व्यवस्थेत काम करावं लागतं. तिथल्या वरिष्ठांनीही दोन-तीन वेळा असं पाहावं. नुसतं 'समाधानकारकरीत्या पूर्ण' असं पत्र देऊन भागत नाही.

याला सगळ्यांत मोठी हरकत कोणती येणार, ते मला माहीत आहे. शिक्षक कुठे आहेत? हरकत खरी आहे. राज्याच्या सरकारी कॉलेजांत अध्यापकांची पदं रिकामी आहेत, कितीतरी जण कंत्राटावर आहेत, आणि तपासणी आली की या कॉलेजचे त्या कॉलेजला पाठवले जातात. पण या हरकतीचं उत्तर 'म्हणून मूल्यमापन खोटं चालू द्या' हे असू शकत नाही. खोट्या ६ ने शिक्षकांची टंचाई झाकली जाते. प्रामाणिक ३ लिहिला, त्याखाली 'उपाय सुचवला, पण शिकवायला माणूस नाही' असं लिहिलं, आणि अशा ओळी विद्यापीठाकडे साठू लागल्या, तर रिकाम्या पदांचा पुरावा आपोआप तयार होतो. संघटना निवेदनं देऊन थकल्या आहेत, त्यांच्या हातात हा कागद असला तर त्याला वजन येईल.

दुसरी हरकत रेसिडेंट्सकडूनच येईल. आणखी एक परीक्षा? आधीच थीसिसची सिनोप्सिस, संशोधन पद्धतीचा कोर्स, एथिक्सचा कोर्स, लाइफ सपोर्टचं प्रशिक्षण, वरून पोस्टर आणि पेपर. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून या चाचणीचे गुण कुठेही धरू नयेत, गुणपत्रिकेवर येऊ नयेत, आणि चाचणीच्या आदल्या रात्री व त्या दिवशी ड्युटी नसावी. ज्या दिवशी तिचे गुण कशात तरी धरायला सुरुवात होईल, त्या दिवसापासून मुलं तिच्यासाठी क्लास लावतील, आणि ती जे सांगत होती ते सांगायचं बंद करेल.

आणखी एक मागणी आहे, आणि ती मी हट्टाने करतो. मूल्यमापन करणाऱ्यांत वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना बसवा. रात्री तीनला बोलावलं तर कोण येतं आणि कोण फोन उचलत नाही, सलाईनचा हिशेब कुणाला जमतो, मृत्यूची बातमी नातेवाइकांना कोण नीट बसवून सांगतं, हे त्यांना सरांच्या आधी कळतं. त्यांना एक पान द्या, मराठीत, चार ओळींचं. विद्यापीठाच्या विद्या परिषदेने एक ठराव केला, तर येणाऱ्या तुकडीपासून हे सुरू करता येईल. त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.